वाड्यातील जरीवस्त्रे

अकोला-अमरावतीकडील जुन्या वाड्यांत शालू-पैठण्यांच्या पेट्या अद्याप आढळतात. जर जाळून चांदी काढणारा दारी आला, की तोळ्यांचा हिशेब होतो आणि आजीचा पदर कायमचा जातो. तो मोह आवरावा, ही पहिली विनंती. दुसरा शत्रू आपले प्रेमच! मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी, पुढे पावसाळ्याची ओल. म्हणून आपण वस्त्रांना ऊन दाखवितो. परंतु उन्हाने रंग उडतो, रेशीम ठिसूळ होते. ती हानी भरून येत नाही. वारा सावलीतच द्यावा. रेशीम घडीवर चिरते. यास्तव खळ काढलेल्या मांजरपाटासह त्याची वळकटी करावी. हवेतील गंधकाने काळवंडलेली जर चिंचेने घासण्यापेक्षा काळीच बरी. आणि पेटीत एक चिठी ठेवावी: हे कोण, कोणत्या लग्नात नेसली होती.