फटफटीचा समुद्रप्रवास

गुरांच्या बाजारात बैल विकत घेतला की त्याची पावती मिळते. तिच्यावर बैलाचा रंग, शिंगे, वय, अंगावरची खूण अशी सारी ओळख लिहिलेली असते. वाटेत कोणी हटकले तर पावती पुढे करायची. वर्णन जुळले की बैल आपला. आज मी तुम्हांला एका प्रवासाची हकिगत सांगणार आहे. प्रवास आहे मोटारसायकलचा, म्हणजे आपल्या फटफटीचा, आणि तोही समुद्रापलीकडचा. पण त्या साऱ्या खटाटोपाचे मर्म अशाच एका कागदात आहे, म्हणून आरंभ बैलाच्या पावतीपासून केला.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. माण तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरी करतो. २०१८ साली तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मोंबासाहून केप टाउनपर्यंत मोटारसायकलवर जायचं ठरवलंय." मी विचारले, "अरे, तिकडे भाड्याने गाडी मिळत नाही का?" तो म्हणाला, "मिळते. पण ही गाडी मी खोलून जोडलीय. तिचा आवाज जरा बदलला तरी मला कळतं." शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. दुसऱ्याच्या बैलाने नांगरणे वेगळे आणि आपल्या बैलाने वेगळे.

आफ्रिकेचा पूर्व किनारा आपल्याला परका नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची शिडाची गलबते शेकडो वर्षे हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर तिकडे जात आणि नैऋत्य वारा सुरू झाला की परतत. आता वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. उरण तालुक्यात न्हावाशेवा येथे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथून लोखंडी कंटेनरांत माल जातो. मोंबासा तेथून समुद्रमार्गे सुमारे साडेचार हजार किलोमीटर. थेट जहाज असेल तर पाण्यावरचे दिवस थोडेच. पण माल बंदरात नेणे, तपासणी, कंटेनर भरेपर्यंत थांबणे आणि तिकडची सोडवणूक धरली, तर महिना सव्वा महिना हाताशी ठेवावा.

आता बांधाबांध कशी करतात ते ऐका. गाडी लाकडी खोक्यात बसवतात. पुढचे चाक काढतात, आरसे उतरवतात, हँडल सैल करून वळवतात. मग पट्ट्यांनी ती खालच्या फळ्यांना आवळतात. नुसती स्टँडवर उभी ठेवून चालत नाही. जहाज डोलू लागले की ती कलंडते आणि शेजारच्याचा मालही मोडते. टाकीतले पेट्रोल काढायचे, बॅटरीच्या तारा सोडवायच्या आणि त्यांची टोके झाकायची. पेट्रोलवर चालणारे वाहन हा आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे धोकादायक माल आहे. तो नवव्या वर्गात मोडतो आणि त्याचा क्रमांक आहे ३१६६. विमानाने पाठवायची झाली तर उरलेले पेट्रोल पाव टाकीच्या वर असता कामा नये. खोक्यावर 'घरगुती सामान' लिहून गाडी पाठवणे हा शहाणपणा नव्हे, गुन्हा आहे.

खोक्याच्या लाकडाचीही गंमत आहे. कोणतीही फळी चालत नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसची उष्णता सलग ३० मिनिटे पोचली पाहिजे, किंवा ठरलेल्या दुसऱ्या रीतीने त्यातली कीड मारली पाहिजे. तसे केले की फळीवर शिक्का मारतात. त्या शिक्क्यात गव्हाच्या ओंबीचे चित्र असते. द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या बागाईतदारांनी लाकडी पॅलेटवर तो पाहिला असेल. हा नियम २००२ साली ठरला. त्याचे कारण असे की, कच्च्या लाकडातून किडे देशोदेशी पोचतात. १९९६ साली न्यू यॉर्कमध्ये आशियातला एक लांब मिशांचा भुंगेरा सापडला. तो मालाच्या खोक्यांच्या लाकडातून आला, आणि त्याच्यापायी हजारो झाडे तोडावी लागली.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर टायरच्या खाचेतला चिखलसुद्धा तपासतात. त्यात माती किंवा बी दिसले तर गाडी आपल्या खर्चाने पुन्हा धुवावी लागते. तुम्ही म्हणाल, हा अतिरेक झाला. पण आपल्या बांधावरचे गाजरगवत आठवा. १९५६ साली पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे मानतात. आज ते उपटता उपटता आपले हात खाजून निघतात. मूठभर बियांना त्या वेळी कोणी अडवले असते तर?

आता शाळेतल्या गुरुजींसाठी एक गणित. जहाजाचे भाडे घनमीटरवर किंवा टनावर, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारतात. एक घनमीटर म्हणजे एक टन असा हिशेब. गाडी चाकासकट, हँडलसकट खोक्यात घातली आणि खोके २.२ मीटर लांब, ०.८५ मीटर रुंद, १.३ मीटर उंच झाले, तर घनफळ २.४३ घनमीटर. चाक काढून, हँडल वळवून तेच खोके १.९ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद, १.१ मीटर उंच झाले, तर घनफळ १.५७. वजन दोन्ही वेळा पाव टनाच्या आतच, म्हणून भाडे घनफळावरच बसते. एक पाना आणि दोन तासांची मेहनत यांनी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा वाचली. विमानात ६,००० घनसेंटिमीटरला एक किलो धरतात. तेथे पहिले खोके ४०५ किलोचे ठरते आणि दुसरे २६१ किलोचे. मुलांना घनफळाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घाला.

मात्र भाड्याच्या आकड्यावर भुलू नये. समुद्राचे भाडे स्वस्त आणि बंदरातले खर्च महाग, असा हा व्यवहार आहे. उतराई, गोदाम, दलाली, कागदपत्रे यांचे पैसे पलीकडच्या बंदरात भरावे लागतात. म्हणून दोन्ही टोकांचे सारे खर्च आधी लेखी मागावेत. गोदामात काही दिवस फुकट मिळतात. पुढे रोजचे भाडे चढू लागते.

जहाज कंपनी माल घेतल्यावर 'बिल ऑफ लेडिंग' देते. ती नुसती पोच नव्हे. तिची मूळ प्रत दाखवल्यावाचून माल सुटत नाही. आपल्या जुन्या हुंडीची ती बहीणच म्हणा. प्रत टपालात अडकली तर गाडी गोदामात अडकते. म्हणून मूळ प्रती येथेच परत करून तिकडच्या कचेरीला कळवण्याची सोय आहे. टेलेक्सची यंत्रे केव्हाच गेली, पण या सोयीला अजूनही 'टेलेक्स रिलीज' म्हणतात. आणि विमा उतरवल्याशिवाय गाडी पाठवू नये. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले, ते आठवत असेल. ते सुटले, पण वाचवण्याचा खर्च जहाजातल्या सर्व मालावर वाटला जाईल असे मालकाने जाहीर केले. जुना दर्यावर्दी कायदाच तसा आहे: संकट एका जहाजाचे, तर भार सर्वांचा. ज्यांचा विमा नव्हता त्यांच्यावर, माल धड असूनही, पदरचे पैसे हमी म्हणून ठेवण्याची पाळी आली.

आता त्या कागदाकडे येतो. त्याचे नाव 'कार्नेट'. परदेशी गाडी देशात आली की तिच्यावर सीमाशुल्क बसते. पण प्रवासी म्हणतो, मी गाडी विकायला आणलेली नाही, परत नेणार आहे. त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून १९५४ साली न्यू यॉर्कला खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. कार्नेट ही त्याच पद्धतीतली हमीची वही. प्रवाशाच्या देशातली मोटारमालकांची मान्यताप्राप्त संघटना ती देते आणि म्हणते, गाडी परत गेली नाही तर शुल्क आम्ही भरू. संघटना अर्थातच प्रवाशाकडून बँकेची हमी घेते. ती रक्कम देशादेशांवर अवलंबून असते. कधी ती गाडीच्या किमतीच्याही वर जाते. युरोपातले बहुतेक देश आता ही वही मागत नाहीत; आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात मात्र ती पुष्कळ ठिकाणी लागते.

मुलाजवळ एवढी रक्कम नव्हती. त्याच्या वडिलांची, आबांची, बँकेत ठेव होती. विहीर खोल करण्यासाठी राखलेली. मुलाने मला मध्यस्थीला नेले. ओसरीवर बसून आबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, गाडी आपली, पैसा आपला. मग ह्यो जामीन कुणाला?"

मी म्हटले, "आबा, तिथल्या सरकारला. तुमचा मुलगा गाडी तिकडे विकून येणार नाही, याचा."

"म्हंजे त्याच्या शब्दाचा."

"होय."

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोराच्या शब्दाला बाप जामीन न्हाई ऱ्हायला, तर दुसरा कोण ऱ्हाईल?" ठेवीची पावती त्यांनी दुसऱ्या दिवशी बँकेत दिली.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना खालचा भाग अधिकारी फाडून घेतो, बाहेर पडताना मधला. वरचा भाग वहीतच राहतो आणि त्यावर येण्याचा एक व जाण्याचा एक असे दोन शिक्के पडतात. गाडीचा चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक वहीत असतो, तो गाडीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. मुलाच्या वाटेवर केनिया, टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका असे पाच देश, पण पाने लागली चार. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका एकाच सीमाशुल्क संघात आहेत. एकात शिरताना शिक्का घ्यायचा आणि दुसऱ्यातून बाहेर पडताना.

मोंबासाला गाडी धडपणे उतरली. चाक बसवले, पेट्रोल भरले, आणि दोन महिने प्रवास उत्तम झाला. मात्र झांबिया आणि बोट्स्वाना यांच्यामध्ये झांबेझी नदी आहे. तेथे काझुंगुला येथे २०२१ साली पूल झाला. त्यापूर्वी वाहने तरीतून नदी ओलांडत. तरीला मालमोटारींची रांग, वरून ऊन. मुलाने पासपोर्टवर शिक्का घेतला, तर सुटत आली म्हणून धावला, आणि गाडीच्या वहीवरचा बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचे विसरला. दोष कोणा अधिकाऱ्याचा नव्हता. त्याचा स्वतःचाच होता. केप टाउनचा समुद्र पाहून तो डर्बनला आला, तेथे गाडी पुन्हा खोक्यात घालताना त्याने पाने मोजली, तेव्हा हे ध्यानात आले.

कागदाच्या दृष्टीने गाडी झांबियातून बाहेर पडलीच नव्हती! प्रत्यक्षात ती २०१९ च्या आरंभी न्हावाशेव्याला उतरली. आपल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी क्रमांक ताडून, ही गाडी येथे हजर आहे असा दाखला वहीच्या अखेरच्या पानावर दिला. कार्नेटमध्ये त्याचीही सोय असते. बोट्स्वानात शिरल्याचा शिक्का जोडीला होताच. पण पत्रव्यवहार व्हायला महिने गेले, आणि तोवर आबांची ठेव अडकून राहिली. तो उन्हाळा माणदेशाला कसा गेला ते तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. विहिरीचे काम राहिले आणि आबांनी डाळिंबाची झाडे टँकरच्या पाण्यावर जगवली. निम्मीच जगली. दिवाळीच्या सुमारास ठेव सुटली आणि विहीर पुढल्या वर्षी झाली. आबा मुलाला एका शब्दाने बोलले नाहीत. मुलाला तेच फार लागले.

श्रोतेहो, दूरच्या प्रवासाला धाडस लागते, हे खरेच. पण इंजिन किती ताकदीचे, यापेक्षा आपल्यासाठी कोण जामीन राहिले आहे याची आठवण ठेवणे मोठे. तुमच्या गावातला कोणी तरुण असा निघाला, तर त्याला अडवू नका. एवढेच सांगा: शिक्का पडल्यावर वही लगेच खिशात घालू नकोस. खिडकीपासून बाजूला हो, पान उघड, तारीख वाच, क्रमांक वाच, मगच गाडी सुरू कर. तर चुकली तर दुसरी येते.

परवा तो मुलगा मला तलाठी कचेरीत भेटला. सातबाऱ्याचा उतारा हाती घेऊन खिडकीशेजारी उभा होता, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता. मागची माणसे घाई करीत होती. त्याने वाचून पुरे केले, आणि मगच तो हलला.