जावयाच्या विमानाचं नवं पॅनल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त क्लबहाउसमध्ये झालेल्या कार्यक्रमात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते एका विमान कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमधून निवृत्त झाले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'घरी बांधलेलं विमान' असं छापलंय. ते वाचून दोघा-तिघांनी लिफ्टमध्ये विचारलं, "काका, खरं विमान की रिमोटचं?" खरं विमान. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, पुढे पंखा, अ‍ॅल्युमिनियमचं अंग. आणि ते खरोखरच एका माणसाने आपल्या गॅरेजमध्ये बांधलेलं आहे.

आपल्याकडे हे ऐकून नवल वाटतं, पण अगदीच नवीन नाही. कांदिवलीला चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, आणि २०१६ साली बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांना बघायलाही मिळालं. आपल्या गच्चीवर कुणी असं काही काढलं तर सेक्रेटरीसाहेब काय म्हणतील, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे पापड वाळत घालायलासुद्धा विचारावं लागतं! (हशा)

अमेरिकेत मात्र या छंदाला कायद्यातच जागा आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेलं असेल, तर त्या विमानाला 'एक्सपेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट' म्हणून परवाना मिळतो. अशा मंडळींची ईएए नावाची संघटना १९५३ सालापासून आहे. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात तिचा मेळावा भरतो. पंढरीच्या वारीला जावं तसे लोक तिथे आपापली विमानं घेऊन जातात आणि विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात.

माझी मुलगी आणि जावई ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळ राहतात. 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' ही विमानाचे सुटे भाग पुरवणारी प्रसिद्ध कंपनी त्याच राज्यातली. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन या गृहस्थांनी ती १९७३ मध्ये सुरू केली. तिथले भाग घेऊन जगभर हजारो लोकांनी विमानं जोडली आणि उडवली. त्यातलंच एक आरव्ही-६ए जातीचं विमान जावयाने सेकंडहँड घेतलं. एका निवृत्त शिक्षकाने ते कित्येक वर्षं खपून बांधलं होतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, पॅनल बदलायचंय. तुम्ही आहात तोवर करू." निमित्त होतं सरकारी नियमाचं. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपास उडायचं तर आपलं ठिकाण आणि उंची आपोआप प्रसारित करणारं यंत्र, म्हणजे एडीएस-बी, सक्तीचं होणार होतं. त्यासाठी पॅनल उघडायचंच होतं, मग सगळंच नवं का करू नये, असा त्यांचा विचार.

पण घरात एक गोष्ट अडली होती. मुलगी त्या विमानात बसत नव्हती, आणि नातीलाही बसू देत नव्हती. नात तेव्हा बारा वर्षांची. भांडण नव्हतं, पण विषय निघाला की जेवणाच्या टेबलावर शांतता व्हायची. कारण अशा प्रत्येक विमानात प्रवाशाला दिसेल अशी एक पाटी लावावी लागते. हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांसाठीचे सरकारी सुरक्षा नियम ते पूर्ण करत नाही, असा त्या पाटीचा मतलब. मुलगी मला म्हणाली, "बाबा, हे वाचून मी माझ्या मुलीला आत बसवू?" मी काय उत्तर देणार? पाटीवरचं खरंच होतं.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा येऊ देणार नाही. जुन्या पॅनलवर मुख्य अशी सहा गोल घड्याळं असतात. वेग, उंची, वर-खाली जाण्याची गती, दिशा, वळण, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कृत्रिम क्षितिज. ढगात शिरलं की बाहेर नुसतं पांढरं. अशा वेळी आपण सरळ आहोत की कलतोय, हे शरीराला कळत नाही. कानातलं संतुलन आपल्याला फसवतं. तिथे या कृत्रिम क्षितिजावरच विश्वास ठेवावा लागतो.

या यंत्राच्या आत एक भोवरा असतो, मिनिटाला हजारो फेरे घेणारा. छोट्या विमानात तो बहुधा हवेच्या झोतावर फिरतो आणि तो झोत इंजिनावरच्या व्हॅक्युम पंपामुळे मिळतो. पंपातल्या कार्बनच्या पट्ट्या झिजतात आणि एक दिवस काही न सांगता तुटतात. पण भोवरा लगेच थांबत नाही. आपल्या लहानपणीचा लाकडी भोवरा आठवा. जोर संपत आला की तो आधी डुलायला लागतो, मग पडतो. कृत्रिम क्षितिजही तसंच हळूहळू कलतं, आणि पायलट त्याच्यावर विश्वास ठेवून त्याच्याबरोबर विमान कलवत नेतो. माझी सगळी नोकरी असली यंत्रं उघडण्यात गेली. बंद पडलेल्या यंत्राची मला भीती वाटत नाही. चालू असल्यासारखं दिसून खोटं सांगणाऱ्या यंत्राची वाटते.

याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. ऑक्टोबर २००० मध्ये मिसुरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहान यांचं छोटं विमान रात्री, खराब हवेत कोसळलं. विमान त्यांचा मुलगाच चालवत होता. त्याच्या समोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. उजव्या बाजूला, दुसऱ्या सीटसमोर, एक चालू होतं आणि तो त्याच्याकडे बघून विमान सांभाळायचा प्रयत्न करत होता. विमानात तिघे होते, तिघेही गेले. म्हणजे पर्यायी यंत्र नुसतं असून भागत नाही. घाईच्या क्षणी जिथे नजर जाते तिथेच ते असावं लागतं.

जावयांनी नव्या पॅनलचं चित्र पुठ्ठ्यावर काढलं होतं. डायनन कंपनीचे दोन मोठे रंगीत पडदे. या नव्या पद्धतीत भोवरा नसतो, नखाएवढ्या चिपा असतात. वेग, उंची, क्षितिज, नकाशा, इंजिनाचं तापमान, सगळं एकाच पडद्यावर. ते म्हणाले, "एक पडदा गेला तर दुसरा आहे."

मी विचारलं, "दोघांना माहिती कुठून येते? वीज कुठून येते?" उत्तर आलं, माहिती एकाच सेन्सरच्या डबीतून आणि वीज एकाच लाइनवरून. मी म्हटलं, "मग हे दोन नळ झाले, टाकी एकच. आमच्या सोसायटीत टाकी रिकामी झाली की किचनचा नळ आणि बाथरूमचा नळ एकदमच कोरडे होतात."

दोन दिवस यावर चर्चा चालली. सासरे-जावई म्हणून नाही, दोन तंत्रज्ञ म्हणून. शेवटी असं ठरलं. मोठा पडदा एकच आणि त्याला स्वतःची बॅकअप बॅटरी. त्याच्या शेजारी, डोळ्यांसमोरच, गार्मिन जी-५ नावाचं छोटं यंत्र. त्याची सेन्सर त्याच्याच पोटात आणि बॅटरीही त्याचीच. कंपनी मुद्दाम वेगळी घेतली, म्हणजे एकाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही खोट निघाली तरी दोन्ही एकदम जाणार नाहीत. आणि जुनं द्रवातलं होकायंत्र काचेजवळ होतं तिथेच ठेवलं. त्याला वीज लागत नाही आणि अपडेटही लागत नाही. फक्त त्याच्या आसपासचे लोखंडी स्क्रू काढून पितळी बसवले, नाहीतर सुई भलतीकडेच बघते.

एक गोष्ट मात्र दोघांत सामाईक राहिली. वेग मोजायला हवा आत घेणारी पंखाखालची पिटो नळी. तिच्यात गांधीलमाशीने मातीचं घर केलं तर दोन्ही यंत्रं वेग चुकीचाच दाखवणार. म्हणून जमिनीवर असताना तिला टोपी, आणि पायलटला एक पाठांतर: इंजिनाची ताकद इतकी आणि नाक इतकं वर, म्हणजे वेग साधारण इतका. काही गोष्टींना पर्याय म्हणजे माणसाचा सराव हाच असतो.

मग पॅनलच्या मागची बाजू उघडली. बांधणाऱ्या मास्तरांची वही सुरेख होती, प्रत्येक वायरची नोंद. पण मधल्या मालकाने नंतर काय-काय जोडलं होतं, त्याची कुठे चिठ्ठी नाही. सतरा वायरी अशा निघाल्या, की ज्यांचं एक टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. आपल्या मीटररूममध्ये ज्यांनी डोकावलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. (हशा)

आम्ही सगळ्या वायरी नव्या घातल्या. विमानाची वायर घरातल्यासारखी पीव्हीसीची नसावी. पीव्हीसी तापलं की विषारी धूर होतो आणि खिडकी उघडून बाहेर पडायची तिथे सोय नाही. टेफ्झेल नावाचं आवरण असलेली वायर येते, ती सहजी पेट घेत नाही. प्रत्येक पिन योग्य अवजाराने दाबायची, मग हलकेच ओढून बघायची. आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर. हे नंबराचं काम नातीने केलं. कागदी पट्टी गुंडाळायची आणि वरून पारदर्शक नळी गरम करून आवळायची. तिने विचारलं, "आजोबा, हे किती वर्षांनी कुणी वाचणार?" मी म्हटलं, "जो वाचेल त्याला आपण ओळखत नसू. म्हणून अक्षर चांगलं काढ."

काढलेली प्रत्येक वस्तू काट्यावर तोलली, बसवलेलीही तोलली. शेवटी तीन चाकांखाली तीन काटे ठेवून सबंध विमान तोललं आणि त्याचा तोल कुठे येतो ते नव्याने मांडलं. हवेच्या नळ्या उघडल्या होत्या, म्हणून त्यांची गळती तपासणाऱ्याला बोलावलं. विमान जावयांनी स्वतः बांधलेलं नसल्याने दर वर्षीच्या तपासणीवर परवानाधारक मेकॅनिकचीच सही लागते. तोही येऊन सगळं बघून गेला.

आणि मग मुख्य परीक्षा. ती मुलीनेच घेतली. हँगरबाहेर विमान उभं, चाकांना अटकाव, तिच्या हातात कागद आणि घड्याळ. प्रत्येक वेळी आम्ही एक गोष्ट मुद्दाम बंद करायची आणि तिने तीन प्रश्न विचारायचे: काय गेलं, काय उरलं, किती वेळ उरलं?

आल्टरनेटर बंद केला. काही गेलं नाही, फक्त लाल सूचना आली. मोठ्या पडद्याची वायर काढली, तो स्वतःच्या बॅटरीवर चालत राहिला. पडदाच बंद केला, शेजारचं छोटं यंत्र क्षितिज धरून होतं. मुख्य स्विच बंद केला. इंजिन चालूच, कारण त्या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येते, तिला बॅटरी लागत नाही. आम्ही दोघं खूश. तेवढ्यात मुलीने विचारलं, "पण रेडिओ गेला की. मग तू खाली बोलणार कसा?"

जावई माझ्याकडे बघायला लागले. हातातला छोटा रेडिओ घरी कपाटात पडून होता. तो दुसऱ्याच दिवशी सीटजवळच्या खिशात आला, चार्ज करून. कागदावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'रेडिओ, डाव्या खिशात.'

नंतर जावई कित्येक संध्याकाळी विमानात नुसते बसून बटणं शिकले. नवं पॅनल आणि नवं आकाश एकदम नको. मग स्वच्छ हवेत एकट्यानेच उड्डाणं केली. त्यानंतर एका रविवारी मुलगी स्वतः जाऊन बसली. पाटी तिथेच होती. तिने ती पुन्हा एकदा वाचली आणि पट्टा आवळला. पुढच्या रविवारी नात. मीही एकदा बसलो. कोलंबिया नदी खाली आणि समोर बर्फाचा माउंट हूड, जवळजवळ ३,४३० मीटर उंच. जावई मला पडद्यावरचा रंगीत डोंगर दाखवत होते. मी म्हटलं, "खराच दिसतोय, तो बघू द्या."

मंडळी, आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. लिफ्टचं पॅनल बदलायचं आहे, मीटररूमचं काम काढायचं आहे, आगीचा पंप आहे, जिन्यातले इमर्जन्सी दिवे आहेत. कोटेशनं आली की आपण किंमत बघतो आणि डिस्प्ले किती छान आहे ते बघतो. माझी विनंती एवढीच, की कंत्राटदाराला हेही विचारावं: हे बंद पडलं तर काय उरेल, आणि किती मिनिटं? वायरींना नंबर घालशील का, नकाशा फाइलला लावशील का?

आणि एक सूचना. दर वर्षी वर्धापनदिनाच्या सकाळी, आधी नोटीस लावून, दहा मिनिटं आपणच मेन स्विच बंद करावा. लिफ्ट आपोआप खालच्या मजल्यावर येते का, जिन्यात उजेड राहतो का, पंप जनरेटरवर चालतो का, हे एका वहीत लिहून ठेवावं. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन वगैरे आहे त्यांना आधी भेटून सांगावं. घड्याळ घेऊन उभं राहायला मी तयार आहे. प्रश्न विचारायला मात्र ज्यांना भीती वाटते अशांनाच बोलवा. ते बरोबर विचारतात.