दगडी वाट आणि सायकलस्वाराची निवड

सायकल चालविणारा सामान्य मनुष्य रस्त्यावर उखडलेले दगड दिसताच हँडल वळवितो आणि कडेची मऊ माती शोधतो. त्याची ही कृती शहाणपणाची असते, कारण दगडामुळे टायर फुटते, रिम वाकते आणि मनगटे दुखू लागतात. युरोपातील एका जुन्या शर्यतीत मात्र जगातील उत्तमोत्तम सायकलस्वारांना मुद्दाम अशाच वाटेवरून नेले जाते. ही शर्यत म्हणजे पॅरिस–रूबे. दगडी फरसबंदीच्या त्या वाटेने स्वाराच्या शरीराची परीक्षा पाहिलीच. परंतु कोणते वाहन चांगले, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर किती अवघड आहे, हेही तिने दाखवून दिले. तोच या व्याख्यानाचा विषय आहे.

रूबे हे फ्रान्सच्या उत्तरेकडील, बेल्जियमच्या सीमेलगतचे कापडगिरण्यांचे शहर. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या तेथील दोन गिरणीमालकांनी शहरात सायकल शर्यतींसाठी एक बंदिस्त धावपट्टी उभारली. तिच्याकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणून त्यांनी पॅरिसहून निघून तेथे संपणारी शर्यत योजिली. एप्रिल 1896 मध्ये सुमारे 280 किलोमीटरची ती पहिली शर्यत योझेफ फिशर या जर्मन स्वाराने जिंकली. त्या काळी दगडी फरसबंदीचे कोणालाही नवल नव्हते. गाड्यांच्या चाकांखाली चिखलात रुतू नये असा रस्ता हवा, तर घडीव दगड बसविणे हाच त्यावर उपाय होता. पहिल्या महायुद्धाने हा प्रदेश उद्ध्वस्त केला. 1919 मध्ये शर्यत पुन्हा सुरू करण्यापूर्वी मार्गाची पाहणी करण्यास गेलेल्यांना ओसाड शेते आणि जळालेली झाडे तेवढी दिसली. ‘उत्तरेचा नरक’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. ते मुळात दगडांना उद्देशून नव्हते, युद्धाच्या खुणांना उद्देशून होते. दगडांना ते पुढे चिकटले.

दुसऱ्या महायुद्धानंतर एक विलक्षण पेच उभा राहिला. रस्ते सुधारू लागले. आपल्या गावातील खडबडीत रस्ता दूरचित्रवाणीवर दिसावा हे गावकारभाऱ्यांना कमीपणाचे वाटू लागले, आणि एकामागून एक फरसबंद वाटा डांबराखाली गेल्या. शेतकऱ्याला चांगला रस्ता हवा होता, शर्यतीला वाईट. यात शेतकऱ्याची बाजू खोटी होती असे कोण म्हणेल? अखेर संयोजकांना शेतांमधून जाणाऱ्या विस्मृत वाटा हुडकीत हिंडावे लागले. माजी विश्वविजेता जाँ स्ताब्लिन्स्की याने त्यांना आरेनबर्गच्या जंगलातील सरळ, सुमारे 2,300 मीटर लांबीची वाट दाखविली. स्ताब्लिन्स्की तरुणपणी तेथील कोळशाच्या खाणीत मजूर होता. ज्या वाटेखालून तो काम करीत गेला होता, त्याच वाटेवरून त्याने शर्यत नेली. 1968 मध्ये ही वाट प्रथम शर्यतीत आली. त्यानंतर 1977 पासून शर्यत काँपिएन्ये येथून निघू लागली. आज सुमारे 260 किलोमीटरच्या प्रवासात पन्नासएक किलोमीटर फरसबंदी असते, सुमारे तीस तुकड्यांत विखुरलेली. पूर्वी लाजिरवाणे मानले गेलेले हे दगड आता शर्यतीच्या चाहत्यांची एक संस्था प्रेमाने जपते. निखळलेले दगड पुन्हा बसविते, साचलेले पाणी वाहून जावे म्हणून चर खणते.

आता निवडीचा मूळ प्रश्न पाहणे योग्य ठरेल. प्रवासाचा सुमारे चार पंचमांश भाग गुळगुळीत डांबरावरून होतो. तेथे हलकी, ताठ आणि वाऱ्याला कमी अडविणारी सायकल हवी. उरलेल्या पंचमांशात दगड चाकाला सतत वर फेकतात. तेथे लवचिक आणि दणकट सायकल हवी. एकच वाहन या दोन्ही मागण्या पूर्णपणे पुरवू शकत नाही. म्हणून प्रत्येक संघ पहाटे जी सायकल निवडतो, तो वस्तुतः एक पैजेचा विडा असतो. आणि तो जिंकला की हरला, हे संध्याकाळीच कळते.

या विड्याचा गाभा टायरमधील हवेत आहे. टायर जितके टणक तितकी सायकल वेगवान, अशी समजूत फार काळ प्रचलित होती. गुळगुळीत पृष्ठभागावर तिच्यात काही तथ्यही आहे. परंतु टणक टायर दगडावर आदळले की ते दगडाला सामावून घेत नाही. चाकच नव्हे तर स्वारासह सारी सायकल वर उचलली जाते. पुढे जाण्यासाठी खर्च व्हावयाची शक्ती अशा रीतीने वर-खाली हादरण्यात वाया जाते आणि स्वाराचे स्नायू ते हादरे शोषून थकतात. हवा कमी केली की टायर दगडाभोवती दबते आणि चाक पुढे सरकत राहते. तथापि हवा फार कमी केली, तर दगडाची कड थेट रिमवर बसते, आतली ट्यूब दोहोंच्या कात्रीत सापडते आणि चाक खाली बसते. वेग आणि विनाश यांच्यामधील ही रेषा अतिशय बारीक आहे. ती स्वाराच्या वजनावर, त्या दिवशीच्या पावसावर आणि टायरच्या रुंदीवर अवलंबून असते. चाकात किती हवा भरावी, याची चर्चा म्हणूनच आदल्या रात्रीपर्यंत चालते.

यंत्रज्ञांनी हा पेच सोडविण्याचे अनेक प्रयत्न केले. 1990 नंतरच्या काही वर्षांत डोंगरी सायकलींप्रमाणे पुढच्या चाकाच्या चिमट्यात धक्के शोषणारी रचना बसविण्यात आली. जिल्बेर दुक्लो-लासाल या फ्रेंच स्वाराने अशा सायकलीवर 1992 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी त्याने फ्रांको बालेरिनी याला अवघ्या आठ सेंटिमीटरांनी मागे टाकले. 1994 मध्ये अँद्रेइ च्मिलही अशाच चिमट्याच्या आधारे विजयी झाला. तेव्हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. त्याच 1994 च्या शर्यतीत बेल्जियमचा योहान म्युसेऊ दोन्ही चाकांना धक्के शोषणारी सायकल घेऊन उतरला. ती सायकल त्याला शेवटपर्यंत साथ देऊ शकली नाही. काही वर्षांतच ही रचना जवळजवळ नाहीशी झाली. ती निरुपयोगी होती म्हणून नव्हे. पण ती जड होती, आणि डांबरावरील दीर्घ प्रवासात तिचे ओझे वाहावे लागे.

नेमक्या उलट टोकाचा धडा 2006 मध्ये मिळाला. अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी विजयाच्या आशेने आघाडीच्या गटात असताना दगडांवर त्याच्या सायकलीच्या चिमट्याची मान मोडली. हँडल हातात आले आणि तो कोसळला. आधीच्या एका पडण्यात तो भाग दुखावला असावा, असे नंतर मानले गेले. हलकेपणाचा हिशेब करताना दणकटपणाचा हिशेब विसरून चालत नाही, हे त्या एका क्षणात सर्वांना दिसले.

मोठ्या शोधांपेक्षा बारीकसारीक काळजीच येथे बहुधा उपयोगी पडत आली आहे. हँडलावर पट्टीचे दोन थर गुंडाळावेत. पाण्याची बाटली उडून जाऊ नये म्हणून तिची पकड घट्ट करावी. पेडलजवळच्या आतील दातेचक्राला नेहमीच्या 39 ऐवजी 44 किंवा 46 दाते ठेवावेत, म्हणजे चेन उसळून निसटण्याचा संभव कमी होतो. चढ नसल्यामुळे लहान चक्राची गरजही नसते. फरसबंदीच्या तुकड्यांच्या टोकाशी सुटी चाके हाती घेऊन संघाचे सहायक उभे असतात, कारण मोटारीने मदत पोहोचण्यास फार विलंब लागतो. विजयाच्या बातमीत या माणसांची नावे येत नाहीत. परंतु चाक योग्य ठिकाणी मिळाले नाही, तर विजयही मिळत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तराजू रुंद टायरच्या बाजूला झुकला. पूर्वी दगडांसाठी 27 किंवा 28 मिलिमीटरचे टायर रुंद समजले जाई. आता 30 ते 32 मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात. अनेकांत ट्यूबच नसते. आतील चिकट द्राव लहानसे भोक स्वतःच बुजवितो. जुन्या ब्रेकच्या बेचक्यात असे टायर मावणे कठीण होते. चाकाच्या मध्याशी बसणाऱ्या चकतीच्या ब्रेकने ती अडचण दूर केली. अर्थात तोही निर्वेध आला नाही. 2016 च्या शर्यतीत एका स्वाराने आपल्या पायाची खोल जखम चकतीमुळे झाल्याचे सांगितले आणि चाललेला प्रयोग थांबविण्यात आला. 2018 मध्ये त्याला रीतसर मान्यता मिळाली. धावत्या सायकलीवर टायरमधील हवा कमी-जास्त करणारी यंत्रणाही 2023 मध्ये शर्यतीत उतरली.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. 1964 मध्ये पीटर पोस्ट या डच स्वाराने ताशी 45.129 किलोमीटर सरासरी वेग गाठला होता. तो विक्रम 2017 पर्यंत, म्हणजे 53 वर्षे अबाधित राहिला. त्यानंतर मात्र मॅथ्यू व्हान डेर पूल याने 2023 मध्ये ताशी 46.8 आणि 2024 मध्ये 47.8 किलोमीटर वेगाने शर्यत जिंकली. तरीही दैवाचा वाटा संपलेला नाही. 2023 मध्येच त्याचा प्रतिस्पर्धी वाउट व्हान आर्ट याचे चाक अखेरच्या कठीण फरसबंदीवर पंक्चर झाले आणि त्याच्या विजयाची आशा तेथेच मावळली.

एक दिवसाच्या शर्यतीत असे दैव मान्य करता येते. तीन आठवड्यांच्या ‘तूर द फ्रान्स’मध्ये एखादा दिवस या दगडांवर घालावा काय, हा अधिक गंभीर प्रश्न आहे. 2004 मध्ये इबान मायो हा डोंगरचढणीचा निष्णात स्वार फरसबंदीवर आधी पोहोचण्याच्या चढाओढीत पडला आणि त्याने जवळजवळ चार मिनिटे गमावली. 2014 मध्ये गतविजेता क्रिस फ्रूम पहिला दगड येण्यापूर्वीच जखमी होऊन परतला. त्याच दिवशी विन्चेन्झो निबाली याने अल्बेर्तो कोन्तादोर याच्यावर अडीच मिनिटांहून अधिक आघाडी घेतली आणि पुढे ‘तूर’ जिंकली. 2022 मध्ये योनास विंगेगोर याची सायकल बिघडली, तेव्हा त्याला घाईघाईत स्वतःहून बऱ्याच उंच सहकाऱ्याची सायकल घ्यावी लागली. तिच्यावर त्याचे पाय नीट पोहोचेनात. सहकाऱ्यांनी त्याला ओढून पुढे आणले, म्हणूनच तो वाचला, आणि ती ‘तूर’ त्यानेच जिंकली. वर्षभराची साधना एका दगडाने धुळीस मिळावी, हा अन्याय आहे असे काही म्हणतात. रस्त्यावरील शर्यत म्हणजे रस्ता जसा असेल तसा स्वीकारणे होय, असे दुसरे म्हणतात. निबालीचे उदाहरण दुसऱ्या पक्षाला बळ देते, फ्रूमचे पहिल्याला. दोन्ही एकाच दिवशीची आहेत, हे विसरता येत नाही.

सुधारलेल्या साधनांनी एक नवी चिंताही आणली आहे. सायकल सुखकर झाली तसा वेग वाढला, आणि वेग वाढला तसे पडणे अधिक भयंकर झाले. आरेनबर्गच्या वाटेवर 1998 मध्ये म्युसेऊ याची गुडघ्याची वाटी फुटली आणि जखम चिघळून पाय कापण्याची वेळ आली होती. (2000 मध्ये विजयरेषा ओलांडताना त्याने त्याच गुडघ्याकडे बोट दाखविले.) त्या वाटेवर स्वारांनी इतक्या वेगाने शिरू नये म्हणून 2024 मध्ये तिच्या तोंडाशी मुद्दाम नागमोडी वळण घालण्यात आले. यंत्रज्ञांनी मिळविलेला वेग संयोजकांना असा परत घ्यावा लागला.

स्त्रियांची पॅरिस–रूबे शर्यत 2 ऑक्टोबर 2021 रोजी प्रथम झाली. वाट ओली आणि निसरडी होती. इंग्लंडची लिझी डीग्नन पहिल्याच फरसबंदीवर पुढे निघाली आणि सुमारे 80 किलोमीटर एकटीने जाऊन जिंकली. तिने हातमोजे घातले नव्हते. शेवटी तिच्या हँडलावरील पट्टीला रक्त लागलेले दिसले. तिच्या सायकलीवरही कुशल हातांची मेहनत खर्च झालेली होती, यात शंका नाही. परंतु चिमटा, टायर आणि हवा यांनी जे शोषून घेतले नाही, ते तिच्या तळहातांनी शोषून घेतले. सायकलीची निवड कितीही विचारपूर्वक केली, तरी दगडाच्या धक्क्याचा शेवटचा हिस्सा माणसाच्या वाट्याला राहतोच. म्हणूनच कदाचित, या शर्यतीच्या विजेत्याला चषक दिला जात नाही. 1977 पासून त्याला त्याच वाटेवरचा एक दगड दिला जातो.