आपल्या घराण्याचा कागद आपणच शोधला पाहिजे

(तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांना पूर्वापार विद्येचा अधिकार होता, त्यांच्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापून निघाले आहेत. दहा पिढ्यांची नावे, मूळ गाव, कोण कोठे स्थायिक झाला, हे त्यांच्या मुलांना पुस्तक उघडताच कळते. आपल्या आजोबांचे नाव आपणांस ठाऊक असते. पणजोबांचे नाव विचारले की घर गप्प होते. याचा अर्थ आपल्याला इतिहास नाही असा नव्हे. आपला इतिहास राबवून घेणाऱ्यांच्या दप्तरात पडून आहे. तो तेथून बाहेर काढण्याचे काम आपल्यातील शिकलेल्यांनी स्वयंसेवक म्हणून अंगावर घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ही केवळ हौस नव्हे. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्या दिवशी आपले कुटुंब जेथे कायम वास्तव्यास होते, तेथील सक्षम प्राधिकाऱ्याकडून जातीचा दाखला घ्यावा लागतो. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावरच टाकला आहे. १९५६ नंतर आपण मुलांच्या नावापुढे शाळेत अभिमानाने 'बौद्ध' असे लिहिले. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींत घेतले. परंतु दीक्षेपूर्वीची जात कोणती, हा प्रश्न कार्यालय विचारतेच. म्हणजे नातवाला आजा-पणज्याचा कागद हवा. त्या आज्याला तर शाळेची पायरीही चढू दिली नव्हती! ज्या अन्यायाची भरपाई मागावयाची, त्या अन्यायामुळेच पुरावा हाती नाही, अशी ही अडचण आहे.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. तिचा जन्म मुंबईचा. आजोबा गिरणीत कामाला आलेले. वडिलांच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध'. व्यवसाय-शिक्षणाच्या प्रवेशाची मुदत संपत आली होती. गावी ओळखीचे कोणी नाही. कार्यालयातून 'नोंद आढळत नाही' असे उत्तर मिळालेले. त्या तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांना मी पत्र दिले. त्यांना मोडी वाचता येत होती. चार दिवस बसून त्यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत तिच्या पणजीच्या मृत्यूची नोंद शोधून काढली. नोंद पूर्वीही तेथेच होती; ती वाचणारा मनुष्य तेवढा नव्हता. मुलीचे शिक्षण वाचले. शिक्षकांनी चहाखेरीज काही घेतले नाही.

आता कोठे शोधावे ते सांगतो. पहिला कागद म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूबरोबर जातही लिहिलेली सापडते. दुसरा, शाळेचे जनरल रजिस्टर व त्यावरून मिळणारा निर्गम उतारा. आजोबा शाळेत गेले नसतील, पण चुलत आजोबा गेले असतील, त्यांची नोंदही पाहावी. तिसरा, आणि आपल्या दृष्टीने फार मोलाचा, म्हणजे वतनाचे दप्तर. १८७४ च्या वतन कायद्याने आपल्या वाडवडिलांना गावकीच्या कामास जखडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली. त्यानंतर जमिनी परत देताना जे फेरफार झाले, त्यांत वतनदारांची व वारसांची नावे आहेत. हाडकी-हाडवळ्याच्या जमिनीचा उतारा हा अशा रीतीने आपल्या घराण्याचा वंशवृक्षच असतो. गुलामीचा कागद आज हक्काचा साक्षीदार होऊ शकतो, हे विसरू नका.

वाचताना डोळसपणा हवा. आजचे आडनाव जुन्या नोंदीत मिळेलच असे नाही. तेथे 'अमुकनाक बिन तमुकनाक' एवढेच असते; 'बिन' म्हणजे त्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे त्याची बायको. कित्येक ठिकाणी आडनावाच्या जागी जातच लिहिलेली असते, आणि नाव तुच्छतेने मोडून घातलेले असते. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीचे कागद उर्दूत आणि फसली सनात आढळतात. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो, जसे १३४० फसली म्हणजे १९३०-३१. म्हणून प्रत्येक तालुक्यात मोडी वाचणारे दोघे आणि उर्दू जाणणारा एक तरी तयार झाला पाहिजे.

परंतु दप्तराआधी म्हातारीकडे जा. लग्नात कोण कोणाला काय लागत होते, कोणाचे माहेर कोठले, हे घरातील वृद्ध स्त्रियांना पाठ असते. त्यांच्या तोंडून वंशावळ लिहून घ्या. मग प्रत्येक नावाला कागद शोधा. कार्यालयात तोंडी विनंती करू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने फी भरून नोंदीचा शोध व उतारा मागण्याची सोय केलेली आहे. २००५ चा माहितीचा कायदाही आहे. नक्कल साक्षांकितच घ्यावी.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. एक, कागदात एक अक्षरही बदलू नका, आणि जुळत नसलेले नाव ओढूनताणून जुळवू नका. खोट्या दाखल्यास कायद्यात शिक्षा आहेच; शिवाय एका खोट्या कागदामुळे शंभर खऱ्यांवर संशय येतो. दुसरी, शोधात एखाद्या घरची खाजगी गोष्ट, दुसरे लग्न, सोडचिठ्ठी, कर्ज, कळली तर ती तुमच्याजवळच राहिली पाहिजे. पैसा तर घेऊच नका. जेथे दलाल शिरतो तेथे चळवळ संपते.

कोणी विचारतील, आपण जात टाकली, मग ती दप्तरात का शोधावी? माझे उत्तर वकिलाचे आहे. जखम भरून आल्यावरही नुकसानभरपाईच्या दाव्यात जखमेचा दाखला द्यावा लागतो; म्हणून कोणी जखम मिरवीत नाही. आपण जातीला मान देत नाही. राज्यघटनेने कबूल केलेले देणे पुराव्यानिशी मागत आहोत. शिवाय त्या जीर्ण वहीत पणजीचे नाव प्रथम वाचताना तिची नात रडताना मी पाहिली आहे. ज्या माणसांना गावाने नाव घेऊन हाकही नीट मारली नाही, त्यांची नावे आपण पुन्हा सन्मानाने लिहीत आहोत.

वाचकहो, आपल्या तालुक्यात पाच माणसे जमवा. महिन्यातील दोन दिवस या कामाला द्या. मुंबईला, पुण्याला किंवा परराज्यात गेलेला आपला माणूस पत्र पाठवील, तेव्हा त्याला उत्तर देणारा कोणीतरी गावात असला पाहिजे. तो तुम्ही व्हा.

जय भीम!