अवसायक कोण आणि कामगारांचे देणे कोठे?
(सॉल्ट लेक, कोलकाता येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



रेल्वे व टपाल ही सरकारी खाती. मग कंपन्यांच्या लिलावाशी आपला संबंध काय, असे काही जण विचारतील. पण शेजारच्या हावड्यातील बर्न स्टँडर्ड ही आपल्या रेल्वेसाठी वाघिणी बनवणारी सरकारी कंपनी. ती बंद करण्यास केंद्र सरकारने २०१८ मध्ये मान्यता दिली. मुंबईची जेट एअरवेज ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात गेली. आपली मुलेबाळे अशाच कंपन्यांत नोकरी करतात. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

अवसायक म्हणजे लिक्विडेटर. तो कंपनीचा मालक नव्हे आणि कामगारांचा कैवारीही नव्हे. न्यायाधिकरण त्याला नेमते. जमीन, यंत्रे, इमारती, येणी ताब्यात घेणे, बहुधा लिलावाने त्यांची विक्री करणे आणि आलेला पैसा कायद्याने ठरवलेल्या क्रमाने वाटणे, हे त्याचे काम.

हा क्रम आपण नीट समजून घेतला पाहिजे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे आधी या कारवाईचा खर्च भागवला जातो. त्यानंतर कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी आणि तारणावरचा हक्क सोडणाऱ्या बँका यांना सारखा दर्जा मिळतो. भागधारक सर्वांत शेवटी. १९८५ च्या दुरुस्तीने कामगार बँकांच्या बरोबरीला आला, तेव्हा २४ महिन्यांची ही अट नव्हती. नव्या तरतुदींना कामगारांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळले. आम्ही याला पीछेहाटच म्हणतो. ही अट काढण्याची मागणी संसदेपर्यंत नेली पाहिजे.

मात्र प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन फंड व ग्रॅच्युइटी फंडातील कामगारांची रक्कम लिलावाच्या मालमत्तेत धरता येत नाही. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले.

अवसायक घरी येऊन पैसे देत नाही. अवसायन सुरू झाल्यापासून ३० दिवसांत दावा दाखल करावा लागतो. अनेक कामगारांच्या वतीने एक प्रतिनिधी एकत्र दावा करू शकतो. युनियनचे खरे काम येथेच आहे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, फंडाच्या पावत्या जपून ठेवा व मुलांनाही ठेवायला सांगा. कागद नसेल तर हक्क असूनही हात रिकामे राहतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!