स्वागताध्यक्षीय भाषण: उपचार संपल्यानंतरचं नातं

आदरणीय अध्यक्ष, ज्येष्ठ वर्तनोपचारक, प्रशिक्षणार्थी मित्रमैत्रिणींनो आणि आवर्जून आलेल्या पालकांनो,

ठाण्यात तुमचं मनापासून स्वागत. 1901 पासून इथे मनोरुग्णालय आहे. मनाच्या दुखण्याविषयी बोलणं या शहराला परकं नाही. यंदाच्या परिषदेचा विषय मात्र अवघड आहे. उपचार संपल्यावर पूर्वीच्या क्लायंटशी प्रेमाचं नातं जोडावं का?

अमेरिकेतल्या वर्तन विश्लेषकांच्या प्रमाणन मंडळाची 2022 पासूनची आचारसंहिता म्हणते, व्यावसायिक संबंध संपल्यावर किमान दोन वर्षं नाही. क्लायंटच्या पालकांनाही हा नियम लागू आहे. तिथल्या समुपदेशकांना पाच वर्षांची मुदत आहे, मनोविकारतज्ज्ञांना तर कायमची मनाई.

आपल्या वर्तनोपचारकांत एक समजूत रुजली आहे. प्रेमात पडणं मनोविश्लेषणात घडतं, आपलं काम तंत्राचं, आपल्याला तो धोका नाही. मला हे मुळीच पटत नाही. स्वमग्न मुलाबरोबर सुरुवातीचे दिवस आपण कशात घालवतो? त्याची आवडती खेळणी, खाऊ, गुदगुल्या यांच्याशी स्वतःला जोडून घेण्यात. उपचारक स्वतःच प्रबलक, म्हणजे वर्तन दृढ करणारं बक्षीस, बनतो, तेही ठरवून. आठवड्यातले कित्येक तास हे त्या कुटुंबाच्या घरातच चालतं आणि शेजारी बसलेली दमलेली आई पाहत असते की आपल्या लेकराला कुणीतरी समजून घेतंय. तिच्या मनात जे उमलतं, त्याला आपल्या तंत्राचा हातभार असतो. तिची भावना खरी असते, पण नातं बरोबरीचं नसतं. तिच्या घरातली भांडणं, पैशाची ओढाताण, तिची रात्रीची झोप, सगळं आपल्याला ठाऊक. आपल्याविषयी तिला काहीच माहीत नाही. दोन वर्षांनी हे ज्ञान पुसलं जातं का? शिवाय मूल वयात येतं, पुन्हा मदत लागते. तेव्हा तिने कुणाकडे जायचं? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पूर्वीच्या क्लायंटशी आणि त्याच्या पालकांशी असं नातं कधीच नको. त्यासाठी उपचार लवकर आटोपणं तर सरळ विश्वासघात आहे.

अमेरिकेतल्या त्या प्रमाणन मंडळाने 2023 पासून भारतातून नवे अर्ज घेणं थांबवलं. इथल्या नव्या उपचारकांना प्रमाणपत्र जाण्याचा धाकही उरलेला नाही. अशा वेळी सगळी भिस्त सुपरव्हायझरवर येते. तरुण मित्रांनो, ओढ वाटणं गुन्हा नाही, ती सुपरव्हायझरपासून लपवू नका. आणि ज्येष्ठांनो, कुणी सांगायला आलं, तर आधी ऐकून घ्या.

दुपारच्या सत्राचं रेकॉर्डिंग आम्ही मुद्दाम ठेवलेलं नाही. तिथे पहिले प्रश्न पालक विचारतील.