पहिली सुई कोणाला?



एका परिचारिकेला या परिषदेची अध्यक्ष करण्याचं धाडस संयोजकांनी केलं आहे, तेव्हा मी वॉर्डातलंच बोलणार. विषय एचआयव्हीवरच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनचा. कॅबोटेग्राविर आणि रिलपिविरिन ही दोन औषधं, दोन्ही कुल्ल्यांत एकेक सुई, दर दोन महिन्यांनी. रोजची गोळी बंद. अमेरिकेत याला २०२१ साली मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये पर्यायी उपचार म्हणून त्याची शिफारस केली. आपल्या मोफत कार्यक्रमात ते अजून नाही, म्हणूनच आज बोलायचं. एकदा आलं की रांग लागेल, आणि आपल्याकडे रांगेत पुढे कोण घुसतं हे मी तुम्हाला काय सांगू!

एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्राच्या दाराशी कचऱ्याचा डबा असतो. तो कधी नीट पाहिलात? टीएलडीच्या, म्हणजे त्या रोजच्या गोळीच्या बाटल्या, वरचं लेबल नखाने खरवडलेलं. आतल्या तीस गोळ्या एव्हाना कॅल्शियमच्या जुन्या डबीत गेलेल्या असतात आणि डबी खुळखुळू नये म्हणून वर कापसाचा बोळा. लालबागच्या चाळीतली एखादी बाई घ्या. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, जाऊ, पोरं. जाऊ विचारते, ‘रोज रोज कसली गं गोळी?’ कधी ताकदीची, कधी थायरॉइडची. गावाहून पाहुणे आले की चार दिवस डबी पिशवीतून बाहेरच निघत नाही. मग आपण कार्डावर लिहितो, ‘गोळी विसरली.’ ती काही विसरलेली नसते. गोळी घ्यायला तिला आडोसा मिळालेला नसतो.

सुईची खरी गरज या बाईला आहे. पण शिफारस सांगते की ज्यांचा विषाणू गोळ्यांनी दबलेला आहे आणि ज्यांना हेपटायटिस बी नाही त्यांना गोळीवरून सुईवर आणा. हेपटायटिसची अट मला पटते. टीएलडीतलं टेनोफोविर तो आजारही दाबून ठेवतं, या सुईत ते नाही. पहिल्या अटीमागेही शास्त्र आहेच, पण व्यवहारात तिचा अर्थ काय होतो? ज्याचं सगळं सुरळीत चाललंय त्याला आणखी सोय, आणि जी धडपडतेय तिला ‘आधी गोळ्या नीट घे’ हा उपदेश. अमेरिकेतल्या लॅटिट्यूड चाचणीत मुद्दाम गोळ्या न जमणारी माणसं घेतली होती. आधार देऊन, आर्थिक मदत करून आधी त्यांचा विषाणू दाबला, मग महिन्याला सुई दिली. ती गोळ्यांपेक्षा सरस ठरली. म्हणजे अट पाळूनही त्या बाईला रांगेत पुढे आणता येतं. तिच्या पहिल्या काही महिन्यांसाठी माणूसबळ तेवढं लागतं, आणि समुपदेशकांची पदं भरायची म्हटलं की फाइल कुठे अडते ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

क्षयाचं दुखणं वेगळं. क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू असताना ही सुई चालत नाही, औषधाची रक्तातली पातळी घसरते. परळ-शिवडीच्या दाट वस्तीत क्षय कोणाला होतो हे सांगायला नकोच. म्हणजे सगळ्यांत गरीब माणूस रसायनशास्त्रामुळेच रांगेबाहेर जातो. क्षयाचे उपचार संपले की त्याला पुन्हा आत बोलावणारी नोंदवही आपल्याकडे हवी.

रिलपिविरिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि टोचण्याआधी निदान पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवायचं. लसींसाठी शीतपेट्या सांभाळणाऱ्या पालिकेच्या दवाखान्यांना हे नवं नाही. मोठ्या रुग्णालयातच हेलपाटे कशाला? संध्याकाळी चालणाऱ्या ‘आपला दवाखान्या’त सुई मिळाली तर हातगाडीवाल्याचा खाडा वाचेल. मात्र नाक्यावरच्या दवाखान्यात शेजारीणही बसलेली असते. लालबागच्या माणसाला गिरगावात आणि गिरगावच्या माणसाला दादरला सुई घेता आली पाहिजे. २०१७ चा एचआयव्ही कायदा गोपनीयतेची हमी देतो. खोलीला पडदा मात्र आपल्यालाच लावायचा आहे, विशेषतः जिथे साडी सोडावी लागते तिथे.

आता कॅलेंडर. ठरल्या तारखेच्या आधी किंवा नंतर सात दिवसांची मुभा आहे. गणपतीत निम्मं गिरणगाव कोकणात आणि उरलेलं लालबागच्या गर्दीत. तारीख त्या दहा दिवसांत पडली तर? सुई चुकली तरी औषध महिनोन्‌महिने अंगात रेंगाळतं, पण अपुरं. त्यात विषाणू शिरजोर होतो. चाकरमान्याला रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या केंद्रात सुई मिळावी, नाही तर निघतानाच पुरेशा गोळ्या हातात द्याव्यात. शिमग्यालाही तेच.

किमतीबद्दल थोडक्यात. २००१ साली याच मुंबईतल्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा संच ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा साऱ्या जगाचे भाव कोसळले. संसर्ग टाळण्यासाठीच्या सहामाही लेनाकापाविरचं आज तेच होतंय. अमेरिकेत वर्षाला २८ हजार डॉलर, आणि हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून ४० डॉलरला देणार आहेत, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. उपचाराच्या जोडीतल्या कॅबोटेग्राविरच्या जेनेरिक उत्पादनाचा परवाना जुलै २०२५ मध्ये उपचारासाठीही खुला झाला. रिलपिविरिन दुसऱ्या कंपनीचं आहे. जोडीतलं एकच स्वस्त होऊन भागणार नाही.

आता पुन्हा रांगेकडे. याच शहरात शास्त्रज्ञ हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना दिली गेली. धोका अंगावर घ्यायला या शहराने तळाच्या माणसाला लगेच पुढे केलं. फायद्याच्या वेळी त्याला शेवटचा नंबर मिळू नये, एवढंच माझं म्हणणं.

उद्याच्या सत्रात ‘शासनाने इंजेक्शन त्वरित उपलब्ध करावं’ असा ठराव येतोय. त्यात मी एक दुरुस्ती सुचवणार आहे: पहिल्या खेपेचा निम्मा साठा गोळ्यांत खंड पडणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, आणि त्यांचा विषाणू दाबण्याच्या काळात समुपदेशकाचा पगार त्याच तरतुदीतून द्यावा. प्रमाणावर वाद घाला, चाळीस टक्के म्हणा हवं तर. अनुमोदनाला कोणीतरी उभं राहा.